चार पंख्यांचा तोल : क्वाडकॉप्टरच्या प्राथमिक नियंत्रणांची ओळख

पिकांवर औषध फवारणी, गावठाणांची मोजणी, लग्नसमारंभांचे चित्रीकरण, पूरग्रस्त भागाची पाहणी अशी परस्परांशी संबंध नसलेली कामे आज चार पंख्यांचे एकच छोटे यान करू लागले आहे. बोलीभाषेत त्याला 'ड्रोन' म्हणतात. तंत्रज्ञांच्या परिभाषेत ते क्वाडकॉप्टर. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. या योजनेत निवडलेल्या सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. त्यातील पाच दिवस उड्डाणाचे आणि उरलेले दहा दिवस शेतीकामाचे. उड्डाणाच्या पाच दिवसांत हाताला जे वळण लागते, त्यावर पुढे फवारणीच्या वेळी बांधावर उभ्या असलेल्या माणसाची सुरक्षितता अवलंबून असते. छंद म्हणून दोन हजारांचे खेळणे विकत घेणाऱ्यालाही हेच वळण लावून घ्यावे लागते, कारण यान लहान असो वा मोठे, नियंत्रणे चारच आहेत.

चार पंखे, चार हालचाली

क्वाडकॉप्टरला विमानासारखे सुकाणू नसते, की हेलिकॉप्टरसारखी कोन बदलणारी पाती नसतात. त्याच्याकडे फक्त चार मोटारी असतात आणि त्यांचा वेग कमी-अधिक करणे एवढेच त्याला करता येते. समोरासमोरच्या कर्णावरील दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, तर दुसऱ्या कर्णावरील दोन उलट दिशेने. पंखा एका दिशेला फिरला की यानाच्या सांगाड्याला विरुद्ध दिशेचा पीळ बसतो. दोन जोड्या परस्परविरुद्ध फिरत असल्याने हा पीळ एकमेकांना छेद देतो आणि यान स्वतःभोवती भिंगरीसारखे फिरत नाही. पंखा बदलताना डावा-उजवा असा फरक पाळावा लागतो तो यामुळेच. चुकीचा पंखा बसवलेले यान जमिनीवरून उठण्याआधीच कलंडते, आणि नवशिक्याला दोष आपल्या बोटांचा वाटतो.

चारही मोटारींचा वेग एकदम वाढवला की यान वर जाते, कमी केला की खाली येते. या नियंत्रणाला थ्रॉटल म्हणतात. मागच्या दोन मोटारी वेगात आणि पुढच्या दोन मंद फिरल्या की यान नाक खाली करून पुढे सरकते. हा पिच. डाव्या बाजूच्या मोटारींनी जोर धरला की यान उजवीकडे कलते आणि उजवीकडेच जाते. हा रोल. कर्णावरील एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा तेवढाच कमी केला, तर उंची तीच राहून मघाशी सांगितलेला पीळ वरचढ ठरतो आणि यान जागच्या जागी वळते. याला यॉ म्हणतात. यॉ ही चौघांतली सर्वांत मंद आणि नवशिक्याकडून सर्वाधिक दुर्लक्षित हालचाल. पुढे-मागे, डावे-उजवे करून काम भागते असे सुरुवातीला वाटते, आणि यान आपल्याकडे तोंड करून उभे राहिले की घोटाळा होतो.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक रिमोटांवर ही नियंत्रणे 'मोड २' या पद्धतीने मांडलेली असतात. डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल आणि डावी-उजवीकडे केली की यॉ. उजवी स्टिक पुढे-मागे केली की पिच आणि डावी-उजवीकडे केली की रोल. 'मोड १' मध्ये थ्रॉटल आणि पिच यांची अदलाबदल झालेली असते. जपानमध्ये ही पद्धत रूढ आहे. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. मात्र एका मोडवर बोटे बसली की दुसऱ्याचा रिमोट हातात घेणे धोक्याचे. वर नेण्यासाठी दिलेला धक्का यानाला समोरच्या भिंतीवर नेऊन आदळू शकतो.

स्टिक नुसत्या अंगठ्यांनी हलवावी, की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावी, यावर जाणकारांत जुना वाद आहे. चिमटीत सूक्ष्म हालचाल अधिक नेमकी साधते. लहान रिमोटवर चिमटीला जागाच नसते, तेव्हा अंगठे. महत्त्वाचे हे की स्टिक ढकलायची नसते, तिच्यावर हलका दाब द्यायचा असतो. पहिल्या तासात होणाऱ्या अपघातांमागे बहुधा स्टिक टोकापर्यंत नेण्याची घाई असते.

यंत्राने उचललेला भार

चार पंख्यांच्या यानाची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि शार्ल रिशे यांनी १९०७ मध्ये असे यान जमिनीवरून उचलले, पण ते कलंडू नये म्हणून त्याचे चार कोपरे माणसांना धरावे लागले. अमेरिकेत जॉर्ज द बोथेझॅट यांच्या यानाने १९२२ मध्ये, तर फ्रान्समध्ये एतिएन ओमिशेन यांच्या यानाने १९२४ मध्ये उड्डाणे केली. ओमिशेन यांनी एक किलोमीटरचा बंदिस्त फेरा पूर्ण केला. तरीही ही वाट पुढे जवळपास सोडून देण्यात आली, कारण तोल सांभाळण्यातच वैमानिकाची सारी शक्ती खर्ची पडे. तळहातावर उभी काठी तोलत चालण्यासारखे ते काम होते.

हा भार आता यानातील छोटा संगणक उचलतो. भ्रमण मोजणारा जायरोस्कोप आणि प्रवेग मोजणारा संवेदक यांच्या मदतीने तो सेकंदाला शेकडो वेळा यानाचा कल तपासतो आणि मोटारींचे वेग दुरुस्त करतो. मोबाइल फोनमुळे हे संवेदक स्वस्त झाले आणि २०१० नंतर 'पॅरट एआर ड्रोन', २०१३ मध्ये 'फँटम' अशी याने सामान्य ग्राहकाच्या हाती आली. भारतीय प्रेक्षकांना त्याआधीच २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात असे यान दिसले होते. ते मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीने तयार केले होते.

हा इतिहास शिकणाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी नाही. यान आपण उडवत नसतो. आपण त्याला इच्छा सांगतो आणि संगणक ती पार पाडतो. संगणक किती काम स्वतःकडे घेतो, यावरून उड्डाणाचे प्रकार ठरतात. 'ॲक्रो' प्रकारात स्टिक सोडली तरी यान ज्या कोनात कललेले असेल तसेच राहते. शर्यतीच्या यानांसाठी तो ठीक, नवशिक्यासाठी नाही. 'अँगल' प्रकारात स्टिक मध्यावर आली की यान आपोआप सपाट होते. त्यात हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकाची भर पडली की उंचीही आपोआप टिकते आणि जीपीएसची भर पडली की जागाही.

पहिला धडा : एका जागी तरंगणे

पहिल्या उड्डाणासाठी मोकळे मैदान, सकाळची शांत वेळ आणि पंख्यांभोवती संरक्षक कडी असलेले हलके यान असावे. घरात उडवायचे तर छताचा पंखा आधी बंद करावा. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण भारतीय घरात यान मोडण्याचे ते एक प्रमुख कारण ठरू शकते. यानाचे तोंड पुढे आणि शेपूट उडवणाऱ्याकडे अशा रीतीने ते चार-पाच मीटर अंतरावर सपाट जागी ठेवावे. आधी रिमोट चालू करावा, मग यानाची बॅटरी जोडावी. उतरल्यावर क्रम उलटा. जायरोस्कोप स्वतःला शून्यावर आणत असताना यान हलवू नये.

थ्रॉटल हळूच दिला की यान जमिनीपासून वीतभर उठते आणि लगेच अस्थिर होते. पंख्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून यानाखाली एक उशी तयार करते. त्या उशीवर यान घसरते, डुलते. नवशिक्या घाबरून ते लगेच खाली आणतो आणि पुन्हा उचलतो. खरे तर उपाय वर जाण्यात आहे. डोळ्यांच्या उंचीपर्यंत नेले की ही डुलकी शमते. छताजवळ उलट घडते. तेथे यान वर ओढले जाते आणि छताला चिकटते.

उंची टिकवणारा संवेदक नसलेल्या यानात थ्रॉटलचा नेमका एक बिंदू शोधावा लागतो, जेथे उचल आणि वजन समसमान होतात. बॅटरी उतरत जाते तसा हा बिंदूही सरकतो. फवारणीच्या ड्रोनमध्ये हे उलट्या दिशेने घडते : टाकीतील औषध कमी होत जाते आणि भरल्या टाकीने जड चालणारे यान शेवटच्या ओळींत चपळ होते. शिवाय टाकीतले द्रव हिंदकळते, त्यामुळे एकाएकी थांबवलेले यान पुढे झोके खाते.

तरंगते ठेवण्याचा सराव म्हणजे स्टिकच्या छोट्या, सततच्या दुरुस्त्या. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे यान कलले की उचलीचा काही भाग आडव्या दिशेला खर्च होतो आणि यान खाली उतरू लागते. म्हणून साध्या यानात पिच किंवा रोलसोबत थोडा थ्रॉटलही द्यावा लागतो. दुसरी, जीपीएस नसताना स्टिक मध्यावर आणली की यान सपाट होते, पण थांबत नाही. वल्हे उचलले तरी होडी पाण्यावर पुढे सरकत राहते, तसे ते वाहत जाते. ते थांबवायला उलट दिशेचा हलका दाब क्षणभर द्यावा लागतो आणि वेळेवर काढूनही घ्यावा लागतो. उशिरा काढला तर यान मागे येऊ लागते. हा प्रतिदाब बोटांना जमणे हीच तरंगण्याची परीक्षा. दोन मीटरच्या चौकोनात, शेपूट आपल्याकडे ठेवून, एक मिनिट यान रोखता आले की पुढे जाण्यास हरकत नाही.

डावे-उजवे उलटते तेव्हा

यानाचे नाक उडवणाऱ्याकडे वळले की त्याचा उजवा तो आपला डावा होतो. उजवीकडे रोल दिला तर ते आपल्या डावीकडे जाते. पुढे ढकलले तर सरळ अंगावर येते. थ्रॉटल मात्र बदलत नाही, आणि यॉही बदलत नाही, कारण वरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने वळणे हे कोणत्याही बाजूने घड्याळाच्या दिशेनेच असते. चारांपैकी दोन नियंत्रणे उलटतात आणि दोन तशीच राहतात, यातच गोंधळाचे मूळ आहे. सगळीच उलटली असती तर मेंदूला कदाचित सोपे गेले असते.

म्हणून सराव टप्प्याटप्प्याने होतो. शेपूट आपल्याकडे असताना तरंगणे जमल्यावर यान ४५ अंशांत वळवून तसेच रोखायचे, मग काटकोनात. नाक डावीकडे असताना उजवा रोल यानाला दूर नेतो आणि पुढचा पिच डावीकडे. अशा वेळी मनात हिशेब करत बसण्यापेक्षा आपण यानात बसलो आहोत अशी कल्पना करावी, असे प्रशिक्षक सांगतात. अनेकांना शरीर किंचित यानाच्या दिशेने वळवून उभे राहिल्याने मदत होते. नाक थेट समोर आल्यावर एक युक्ती उपयोगी पडते : यान ज्या बाजूला सरकत असेल त्याच बाजूला रोलची स्टिक न्यावी, जणू पडत्या बाजूला टेकू देत आहोत. काही दिवसांनी ही युक्तीही विसरली जाते आणि बोटे आपोआप वळतात.

स्वस्त यानांत 'हेडलेस' नावाची सोय असते. ती चालू केल्यास यानाचे तोंड कोठेही असले तरी पुढे म्हणजे उडवणाऱ्यापासून दूर आणि मागे म्हणजे त्याच्याकडे, असा अर्थ घेतला जातो. ती सोय फसवी आहे. उड्डाणाच्या वेळची दिशा यान लक्षात ठेवते, पण काही मिनिटांत तो अंदाज ढळत जातो. उडवणारा स्वतः जागा बदलून वळला तरी हिशेब चुकतो. शिकण्याच्या काळात ती बंद ठेवलेली बरी.

पुढचे धडे आकृत्यांचे आहेत. आधी नाक एकाच दिशेला ठेवून चौकोन, मग प्रत्येक कोपऱ्यावर यॉ देऊन नाक प्रवासाच्या दिशेला करत तोच चौकोन, मग वर्तुळ, आणि शेवटी दोन वर्तुळे जोडून डमरूच्या आकाराचा मार्ग. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा असल्याने त्याला 'फिगर ऑफ एट' म्हणतात; मराठी आठ काढत बसण्याचे कारण नाही. या मार्गात यान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते. एकदा दूर जाते, एकदा जवळ येते. सर्व दिशांची उजळणी एकाच फेरीत होते, शिवाय दोन्ही हातांना एकाच वेळी काम मिळते. संगणकावरील सिम्युलेटरला खरा रिमोट जोडूनही हा सराव करता येतो. तेथे पडण्याची किंमत शून्य असल्याने दिशाभ्रमावर मात करण्यासाठी त्याहून स्वस्त साधन नाही. वारा आणि भीती मात्र मैदानातच भेटतात.

जीपीएसचा भरवसा किती?

महागड्या यानात दोन्ही स्टिक सोडल्या तरी यान खुंटीला टांगल्यासारखे हवेत थांबते. या सोयीमुळे पहिल्याच दिवशी आपल्याला उडवता येते असा समज होतो. जीपीएसला मोकळे आकाश लागते. उंच इमारतींच्या दाटीत, पत्र्याच्या शेडजवळ किंवा दाट झाडीखाली उपग्रहांचा संकेत क्षीण होतो आणि यान कोणतीही विनंती न करता केवळ तोल राखणाऱ्या प्रकारात उतरते. मग थोडाही वारा त्याला वाहून नेतो. प्रतिदाबाचा सराव नसलेला माणूस येथे स्टिक सोडून वाट पाहतो, आणि यान थांबतच नाही.

होकायंत्राचा दोष याहून विचित्र. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंडी सळया किंवा जवळ उभी असलेली मोटार यांमुळे चुंबकीय संवेदक चुकला, तर जागा टिकवण्याच्या प्रयत्नात यान मोरीतून निचरा होणाऱ्या पाण्यासारखे गोल गोल फिरू लागते आणि वर्तुळ मोठे होत जाते. ज्या यानात जीपीएस बंद करण्याचा खटका असतो, तेथे तो बंद करून हाताने यान खाली आणणे हा मार्ग. त्यासाठी हात आधी तयार हवा. म्हणूनच मोठ्या यानाकडे जाण्यापूर्वी जीपीएस नसलेल्या स्वस्त यानावर काही आठवडे काढणे शहाणपणाचे ठरते. फवारणीच्या ड्रोनचा मार्गही बहुधा आधी आखून दिलेला असतो आणि यान तो स्वतः कापते. पण शेजारच्या शिवारातून कोणी अचानक मध्ये आला, तर स्टिक हाती घ्यावी लागते ती माणसालाच.

संपर्क तुटल्यास यान आपोआप परत येण्याची 'रिटर्न टू होम' ही सोय उड्डाणाची जागा नोंदवली गेल्यावरच काम करते. परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा, विजेच्या तारेपेक्षा आणि मोबाइल मनोऱ्यापेक्षा अधिक ठरवून ठेवावी लागते. ती न तपासता उडवलेले यान परत येते खरे, पण वाटेतल्या झाडापर्यंत.

उतरणे, वारा आणि बॅटरी

उंचावरून सरळ खाली, वेगाने उतरणे टाळावे. यान स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत शिरते, उचल घटते, ते थरथरू लागते आणि थ्रॉटल वाढवूनही सावरत नाही. अशा वेळी पुढे किंवा बाजूला सरकून स्वच्छ हवेत जाणे हाच उपाय. उतरताना तिरक्या रेषेत यावे, जमिनीपासून हातभर उंचीवर क्षणभर थांबावे, मग टेकवावे आणि थ्रॉटल पूर्ण खाली धरून मोटारी बंद झाल्याची खात्री करावी. पंखे थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. हातात झेलण्याचा प्रकार तर नवशिक्याने करूच नये. लहान यानाचा पंखाही बोट कापतो, डोळ्याला इजा करतो. लहान मुलांना उडवणाऱ्याच्या मागे उभे करावे, समोर नव्हे.

वारा उंचीबरोबर वाढतो. जमिनीवर झाडाचे पान हलत नसले तरी शंभर फुटांवर यान ओढले जाऊ शकते. त्यामुळे जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा. उलटे केल्यास उतरत्या बॅटरीवर वाऱ्याशी झुंजत परतावे लागते. घारी आपल्या हद्दीत आलेल्या यानावर झडप घालतात. तेव्हा आडवे पळण्याऐवजी वर चढणे सोयीचे, कारण पक्ष्याला चढणे कष्टाचे जाते. संक्रांतीच्या दिवसांत मांजा दिसत नाही आणि पंख्यात मात्र नेमका अडकतो.

लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. तो ३.५ च्या आसपास आला की उतरावे. त्याखाली दाब झपाट्याने कोसळतो आणि घट कायमचा खराब होतो. खेळण्याच्या यानाला सहा ते दहा मिनिटांचे उड्डाण मिळते. त्यातील शेवटची दोन मिनिटे उतरण्यासाठी राखून ठेवावीत. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, चार्जिंग लावून घराबाहेर जाऊ नये. आठवडाभर वापर नसेल तर घट ३.८ व्होल्टच्या सुमारास ठेवावा.

नियमांची चौकट

देशात ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे यान 'नॅनो', त्यापुढे दोन किलोपर्यंतचे 'मायक्रो' आणि २५ किलोपर्यंतचे 'स्मॉल' गटात मोडते. नॅनो यानासाठी, तसेच व्यावसायिक हेतू नसलेल्या मायक्रो यानासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही. इतरांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागते. वय १८ ते ६५ वर्षे आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे. प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची असते. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हवाई क्षेत्राची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी असून तिचा नकाशा 'डिजिटल स्काय' मंचावर पाहता येतो. हिरव्या क्षेत्रात साधारणतः ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीविना उडवता येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. मुंबईचा विमानतळ वस्तीने वेढलेला आहे, पुण्याचे लोहगाव हवाई दलाच्या तळावर आहे, गोव्याचे दाबोळी नौदलाच्या. त्यामुळे या शहरांतील घराशेजारचे मैदान मोकळे दिसले तरी त्यावरचे आकाश मोकळे असेलच असे नाही. सण, मोठे समारंभ किंवा अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे या काळात स्थानिक पोलीसही स्वतंत्र बंदी आदेश काढतात. ते नकाशावर दिसत नाहीत, पोलीस ठाण्यात विचारावे लागतात.